झाबुआची पोस्टिंग रद्द करून घेऊ का?

पत्र:

डॉक्टर मावशी, मी इंदूरचीच. एमएस स्त्रीरोग-प्रसूतीच्या पहिल्या वर्षाला आहे, सात महिने झाले. लेबर रूममध्ये आत्ता कुठे हात बसतोय, तोवर माझं नाव रोटेशनच्या यादीत आलं. आधी नवजात विभाग, मग भूल, आणि तिसऱ्या सेमिस्टरला तीन महिने झाबुआचं जिल्हा रुग्णालय. सिनियर म्हणतात, रोटेशन म्हणजे झोप काढायची आणि थिसिस लिहायचा. माझ्या बरोबरीच्या मुलाचे सेक्शन, म्हणजे सिझेरियन, माझ्या दुप्पट झालेत, मी आणखी मागे पडणार. थिसिसचे पेशंटही इकडेच, ते तीन महिने कोण घेणार? काकांची भोपाळला ओळख आहे. एका फोनमध्ये झाबुआचं देवास करून देतो म्हणतात, आई तर त्यांच्या मागेच लागली आहे. आणि आणखी एक. गेल्या महिन्यात माझ्या नाइटला एक बाई गेली. सकाळी मला फक्त फाइल पूर्ण करायला सांगितलं. तेव्हापासून चेंजिंग रूममध्ये गेलं की रडू येतं. माझी शाखाच चुकली का?
— जेआर वन (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर), लोकमान्य नगर

उत्तर:

प्रिय जेआर वन,

काकांना फोन करू देऊ नकोस. हे आधी सांगते, कारण इंदुरात ओळखीचे फोन चहा निवायच्या आत लागतात आणि एकदा लागला की मग "आता कसं नाही म्हणायचं" सुरू होतं. जिल्हा निवासी कार्यक्रम, ज्याला तुम्ही मुलं डीआरपी म्हणता, तो 2020च्या अधिसूचनेनं आला आणि 2021च्या बॅचपासून एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना लागू झाला. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने, आणि तो नीट पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे टळणार काहीच नाही, फक्त गाव बदलेल.

पण मी तुला नियमासाठी अडवत नाहीये. देवास इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. तू घरून ये-जा करशील, पाच वाजले की मन बायपासला लागेल, आणि केस जरा अवघड झाली की ती गाडीत घालून इंदूरला रवाना. इतक्या जवळून कोणीही तेच करेल आणि ते बरोबरही आहे. फक्त तुला जे बघायला पाठवतात ते बघायचं राहून जाईल.

रेफरची चिठ्ठी तू रोज बघतेस. रात्री जननी एक्सप्रेस नाहीतर 108 दारात थांबते. स्ट्रेचरवर बाई, बरोबर सासू, सासूच्या हातात पिशवी, आणि पिशवीतल्या सोनोग्राफीच्या पाकिटाला टाचलेला कागद. "प्रायमी, 37 वीक्स, एक्लॅम्प्सिया, रेफर्ड टू हायर सेंटर." म्हणजे पहिलटकरीण, रक्तदाब वाढून झटके आलेली. खाली सही, ती कोणाची हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मग तुमच्यातलं कोणीतरी म्हणतं, "आली बघ, हँडल्ड केस," म्हणजे आधीच कोणीतरी हात लावून बिघडवलेली. तो सूर मी चांगला ओळखते. मोठ्या रुग्णालयात महिन्याभरात तो अंगात भिनतो.

आता त्या कागदावर काय नाही ते बघ. मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट, दिलं का? दिलं तर किती, कुठे, किती वाजता? प्रिचर्डच्या पद्धतीत सुरुवातीलाच 14 ग्रॅम जातात, 4 शिरेतून आणि 5-5 दोन्ही कुल्ल्यांत. त्यातलं काय पोटात, म्हणजे अंगात, घेऊन ही बाई आली आहे हेच माहीत नाही. पुन्हा पूर्ण डोस द्यावा तर श्वास मंदावण्याची भीती, थांबावं तर दुसऱ्या झटक्याची. मग तू गुडघ्याचा रिफ्लेक्स बघतेस, श्वास मोजतेस, लघवी किती झाली विचारतेस, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्यूल हाताशी ठेवतेस आणि अंदाजानं पुढे जातेस. कागदावर एक ओळ जास्त असती तर हा सगळा अंदाज वाचला असता.

मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक अजून डोळ्यांसमोर आहे. निमाडातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रातून आलेली, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली. डावीकडे वेळ, उजवीकडे काय झालं ते. 11.40 झटका, साधारण मिनिटभर. 11.50 मॅगसल्फ, 5 ग्रॅम उजवीकडे, 5 डावीकडे, शिरेतून नाही. बीपी 170/110. कॅथेटर घातला, 200 मिली. सकाळी नऊला चहा आणि दोन टोस्ट. बाळाचे ठोके मिळाले. 12.10ला गाडी निघाली. लिहिणारी डॉक्टर नव्हती, नर्स होती. बाई आमच्या दारात पोचली तेव्हा विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भूलतज्ज्ञांनी टोस्टची ओळ वाचली, पोट रिकामं नाही हे ओळखलं आणि श्वासनळीत नळी घालायच्या तयारीला लागले.

झाबुआला हा कागद तू लिहिणार आहेस. आणि कागद ही नंतरची गोष्ट. आधी पाठवायचं की नाही हे ठरवायचं असतं, तेही रात्री दोनला. इंदूर दीडशे किलोमीटरवर, मध्ये माछलिया घाट. आधीचं सेक्शन झालेली बाई गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडून आली आहे. आत्ता पाठवली तर घाटात बाळंत होईल का? इथेच ठेवली तर टाका उसवला तेव्हा रक्त आहे का, भूल द्यायला कोणी आहे का? दाहोद जवळ पडेल का? तुझ्या सध्याच्या लेबर रूममध्ये या प्रश्नांची उत्तरं एका हाकेवर असतात. एसआर, म्हणजे सिनियर रेसिडेंट, शेजारच्या खोलीत, रक्तपेढी त्याच आवारात. त्यामुळे तुला हे प्रश्न पडतच नाहीत. तिथे तू जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असशील, एकटी नाही. पण त्या डॉक्टरांना हा हिशेब रोज करावा लागतो, आणि तो कसा करतात हे शेजारी उभं राहूनच कळतं. त्यांना विचार, "मॅडम, हिला का पाठवली आणि तिला का ठेवली?" पुस्तकात याचा धडा नाही.

झाबुआ-अलीराजपूरकडचे आजारही वेगळे. तिथल्या भिल्ल आणि भिलाला समाजात सिकल सेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्ताचा आजार, आहे. 1 जुलै 2023ला राष्ट्रीय सिकल सेल मोहीम सुरू झाली ती आपल्याच राज्यातल्या शहडोलहून, उगाच नाही. इंदूरला गरोदर बाई "हाडं दुखतात" म्हणाली की आपण कॅल्शियमची चिठ्ठी फाडून मोकळे. तिथे पहिला विचार सिकलचा करायचा, आणि छातीत दुखून धाप लागली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तोच करायचा. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेली, आणि तरी डोक्यावर मोळी घेऊन चालत आलेली बाई तू ओपीडीत बघशील. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, 2016पासून चालू आहे. त्या दिवशी बसायला खुर्ची मिळाली तर नशीब समज. कार्डं नीट वाच. पहिली भेट तिसऱ्या महिन्यात, मग एकदम आठव्यात. मधले महिने ती गुजरातेत बांधकामावर होती, नवऱ्याबरोबर. "फॉलोअप नाही" असा शेरा मारण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

सब-सेंटरला एएनएमबरोबर, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सबरोबर, जरूर जा. रेफरच्या चिठ्ठीत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे गावात कोणी दर्द का इंजेक्शन दिलं होतं का. नातेवाईक तोंडावर नाही म्हणतात. गर्भाशय फाटून आलेली बाई तू एव्हाना पाहिली असशीलच, आणि ते कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन कोणी, किती, कशासाठी दिलं यावर चिडलीही असशील. चार घरांत बसलीस तर कळेल की ते मागून घेतलं जातं. लवकर सुटका व्हावी, रात्र व्हायच्या आत व्हावी, गाडीचं भाडं वाचावं म्हणून. हे कळल्यावर दारातली चौकशी तू वेगळ्या तोंडानं करशील, आणि उत्तरही खरं मिळेल.

आता नवजात आणि भूल. झोप काढायची म्हणणाऱ्या सिनियरांना मी काही बोलत नाही, सात महिन्यांची झोप थकलेली असते हे मलाही माहीत आहे. पहिले दोन दिवस काढ झोप. पण या दोन पोस्टिंगचं आपल्या शाखेशी किती जवळचं नातं आहे ते बघ. बाळाच्या पहिल्या मिनिटाचे आणि पाचव्या मिनिटाचे गुण आपण देतो, ती पद्धत 1952 साली बसवणाऱ्या व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञ होत्या. आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊन होणारा आजार, ज्याला भूलवाले मेंडेल्सन म्हणून ओळखतात, तो 1946 साली मांडणारा कर्टिस मेंडेल्सन हा आपला, प्रसूतीवाला. दोघांनीही आपलं टेबल सोडून शेजारच्याच्या टेबलावर नीट बघितलं होतं.

नवजात विभागात पोचलीस की रोज सकाळी एक काम कर. तुझ्याच युनिटच्या रात्रीतून वर आलेली बाळं शोध. लेबर रूममध्ये आपल्यासाठी गोष्ट "बेबी पेड्सला दिलं" इथे संपते. तिथे ती सुरू होते. तिसऱ्या दिवशीही नीट न चोखणारं, हातपाय ताठ करणारं बाळ बघितलंस की आईचा पार्टोग्राम, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तासागणिक तक्ता, मागव. बाळंतपण झाल्यावर एका बैठकीत, एकाच पेनानं, सुबक रेषेत भरलेला पार्टोग्राम तू ओळखतेस ना? ती सुबक रेषा त्या पाळण्याशेजारी उभं राहून वाचायची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली नवा लेबर केअर गाइड आणला, त्यात सक्रिय कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरली, रेषांऐवजी वेळेच्या मर्यादा दिल्या. तक्ता कितीही नवा आणा, तो त्या त्या तासाला भरला तरच तक्ता.

त्या आठवड्यांत बॅग आणि मास्क हातात बसव. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी, आणि झाबुआच्या लेबर रूममध्ये त्या मिनिटाला बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या इमारतीत असू शकतात. मास्क चेहऱ्यावर कसा बसतो, छाती वर येते की नाही, न आली तर मान किती मागे घ्यायची, हे पुतळ्यावर शंभरदा करायला कोणी हसत नाही. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या स्टिरॉइडचा हिशेब तिथेच कळेल. डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा, एवढंसं इंजेक्शन मिळालेलं बत्तीस आठवड्यांचं बाळ आणि न मिळालेलं बाळ बऱ्याचदा शेजारी शेजारी सापडतील. त्यानंतर कळा सुरू झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाईला पाठवताना पहिला डोस देऊनच पाठवायचं, हे तुला कोणी सांगावं लागणार नाही.

भुलेच्या पोस्टिंगला डोक्याच्या बाजूला उभी राहा आणि आपल्या लोकांकडे पडद्यापलीकडून बघ. मजा येते. सर्जन म्हणतो "ब्लड लॉस चारशे", आणि इकडे नाडी 130. तरुण गरोदर बाई रक्त जात असतानाही बीपी बराच वेळ धरून ठेवते, नाडी आधी पळू लागते. नाडीला वरच्या बीपीनं भागायचं, उत्तर 0.9च्या वर जायला लागलं की सर्जनचा आकडा बाजूला ठेवायचा. भिजलेले मॉप मोजायला, सक्शनच्या बाटलीतून गर्भजल वजा करायला तिथे शीक. डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात आफ्रिकेतल्या चार देशांत बाईच्या खाली खुणा केलेली पिशवी लावून रक्त मोजलं, आणि मर्यादा ओलांडताच मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी एकदमच सुरू केली, एकामागून एक नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातून होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी कमी झालं. नवं औषध एकही नव्हतं.

बाकी उजव्या कुल्ल्याखाली वेज का ठेवतात, स्पायनलनंतर बीपी का पडतं, "शेवटचं कधी खाल्लं" हा प्रश्न सासूला वेगळा आणि बाईला वेगळा का विचारायचा, हे आठवड्याभरात कळेल. भूलतज्ज्ञांशी ओळख झाली की रात्री तीनचा तुझा फोनही सुधारतो. "मॅडम, एक सेक्शन आहे" याऐवजी तू सांगशील: "कॉर्ड प्रोलॅप्स, ठोके 80, प्लेटलेट ठीक, चार तासांपूर्वी दलिया खाल्लाय." नाळ बाळाच्या आधी खाली सरकली आहे हे ऐकून त्या बाई धावत येतात का नाही बघ.

सोनोग्राफी, कॅन्सर विभाग वगैरे पुढच्या पोस्टिंगबद्दल आत्ता काही सांगत नाही. वेळ आली की लिही.

सेक्शनच्या आकड्याचं म्हणशील तर, तुझा तो मित्र आज पुढे आहे, असू दे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दोघांचेही सेक्शन पुरेसे झालेले असतात, भारतात एमएस करून सेक्शन येत नाही असं सहसा होत नाही. उलट कुठलं सेक्शन टाळता आलं असतं, व्हॅक्यूम कधी लावायचा, अडकलेली वार हातानं कधी काढायची, ही विद्या आकड्यात धरत नाहीत, म्हणून तिच्यामागे कोणी पळत नाही. तुझ्या लॉगबुकात सेक्शनशेजारी आणखी एक रकाना स्वतःसाठी ओढ: "निर्णय कोणाचा होता आणि का." रिट्रॅक्टर धरून उभं असतानाही तो भरता येतो. रिट्रॅक्टर धरणं कंटाळवाणं आहे हे मान्य, मी त्याची स्तुती करणार नाही.

आता त्या बाईबद्दल. तुझ्या पत्रात ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी शब्दांत आली आहे, आणि मला वाटतं पत्र तिच्यासाठीच लिहिलं गेलं.

"फक्त फाइल पूर्ण कर" हे तुझ्या रुग्णालयात घडलं तसं बऱ्याच ठिकाणी घडतं, आणि कुठेही घडलं तरी वाईटच. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक मातामृत्यूचं परीक्षण व्हायला हवं. ते कोणाला दोषी ठरवायला नसतं. घरातून निघायला उशीर झाला का, वाटेत झाला का, दारात आल्यावर झाला का, हे शोधायला असतं. तुझ्या विभागात ही बैठक होत असणार. युनिटच्या मॅडमना जाऊन सांग की त्या केसच्या वेळी मला बसायचं आहे, आणि जे मला आठवतं ते मांडायचं आहे. जेआर वननं असं मागायची रीत नाही, तरी माग. बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. मनात जे "मी अमुक आधी केलं असतं तर" फिरतंय, त्याला तिथे वेळेच्या खुणा मिळतील. काही ठिकाणी दिसेल की तुझ्या हातात काही नव्हतं. एखाद्या ठिकाणी दिसेलही की पाऊण तास गेला, तो कसा गेला, पुढच्या वेळी कसा वाचेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी आत्ता जे रोज रात्री चाललंय त्यापेक्षा ते सुसह्य असतं.

आणि हे एकटीनं गिळू नकोस. तुझ्या वरच्या वर्गातली एखादी मुलगी शोध जिच्या नाइटलाही असं झालंय, तशी आहेच. रडू येणं हे शाखा चुकल्याचं लक्षण नाही. पण झोप लागेनाशी झाली, लेबर रूमच्या दाराशी पाय थबकू लागले, जगून काय करायचं असं काही मनात यायला लागलं, तर त्याच दिवशी मानसोपचार विभागात जायचं. ओळखीच्या लोकांत नको वाटत असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, कोणाला सांगावंही लागत नाही.

शाखेचा निर्णय सलग ड्युटीनंतर घ्यायचा नसतो, हेही लक्षात ठेव. 1992च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग बारा आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा लिहिली आहे. तुम्हाला ती वाचून हसू येत असेल. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कृतिदलानं मानसिक आरोग्याच्या अहवालात आठवड्याला 74 तासांच्या वर काम नको म्हटलं, आणि 2023च्या नियमावलीत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान वीस दिवस पगारी रजा आहे, कामाची निकड सांभाळून. कागदावर आहे म्हणून ताटात पडणार नाही, पण मागताना कागद हाताशी असावा. नवजातच्या पोस्टिंगमध्ये ड्युटी जरा हलकी असेल, तेव्हा सलग दोन-तीन रात्री घरी झोप, वरण-भात खा, आणि मग स्वतःला विचार की कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी उभं राहायला मला अजून आवडतं का. उत्तर तेव्हाही नाही आलं तर मला पुन्हा लिही. तेव्हा शाखेबद्दल बोलू, आणि मी तुला इथेच राहा म्हणून आग्रह करणार नाही.

थिसिसचं सोपं आहे. गाईडना आत्ताच, म्हणजे ऑर्डर निघायच्या आधी, भेट. तुझे पेशंट कधीपासून कधीपर्यंत घ्यायचे याचं वेळापत्रक डीआरपीचे तीन महिने वगळून बसव. सहतपासनीस म्हणून बरोबरीच्या कोणाला नेमता येत असेल तर नैतिक समितीला रीतसर कळवून ने. जे होईल ते आत्ता लेखी कर, शेवटच्या सेमिस्टरला धावपळ करत जुन्या तारखा टाकायची वेळ आणू नकोस. विषयच जर रक्तक्षय किंवा रक्तदाबासारखा असेल तर झाबुआची आकडेवारी घेता येईल का हेही विचार, अर्थात समितीची परवानगी असेल तरच.

उरली आई. इंदूरच्या मराठी घरांत घाटाबिल्लोदच्या पुढे जंगल लागतं असा समज आहे, रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत. तिला तू कितीही भाषण दिलंस तरी उपयोग नाही, कारण तिची भीती तुझ्या शिक्षणाची नाहीच, मुलगी रात्री कुठे झोपणार याची आहे, आणि ती रास्त आहे. डीआरपीच्या मुलांच्या राहण्याची आणि सुरक्षिततेची जबाबदारी राज्य शासनाची आहे. तेव्हा ऑर्डर हातात पडली की जिल्ह्याच्या समन्वयकांना लेखी विचार: खोली रुग्णालयाच्या आवारात आहे की बाहेर, आत कडी नीट लागते का, बाथरूम स्वतंत्र आहे का, नाइटला बोलावलं तर ने-आण कोण करणार, आणि बरोबर दुसरी मुलगी कोण आहे. तुझ्या आधी तिथे राहून आलेल्या मुलीचा नंबर मिळव आणि तो सरळ आईच्या हातात दे. काकांना गाडी आहेच, ओळखही वापरायची हौस आहे, तर रुजू व्हायच्या आदल्या रविवारी त्यांनी तुला आणि आईला झाबुआला घेऊन जावं, खोली दाखवावी, वाटेत कुठे दाल-पानिये मिळाले तर खाऊ घालावेत. खोली वाईट निघाली तर फोन करायचा तो तेव्हा करू दे त्यांना, खोली बदलून मिळण्यासाठी.